बीटा ३००, मग स्टेजचा करंट गेन ५० कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्याच एका पॉलिटेक्निकमध्ये दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने बीसी ५४७ बी हा ट्रान्झिस्टर वापरून १२ व्होल्टवर कॉमन एमिटर अ‍ॅम्प्लिफायर बांधला. पहिल्या वेळी बेसला एकच १.२ मेगओहमचा रेझिस्टर लावला आणि कलेक्टरला ५.६ के (किलोओहम). बीटा, म्हणजे कलेक्टर करंट भागिले बेस करंट, ११० धरून हिशेब केला होता, कलेक्टरवर ६ व्होल्ट यायला हवे होते, आले ०.१. मग पुस्तकातलं डिव्हायडर बायस घेतलं, म्हणजे दोन रेझिस्टरांनी बेसचं व्होल्टेज बांधून दिलं: वर ४७ के, खाली १० के, एमिटरला १ के आणि त्याला समांतर १०० मायक्रोफॅरड, कलेक्टरला ३.९ के, लोड १० के. या वेळी बायस जागेवर बसलं, व्होल्टेज गेन १५० च्या आसपास आला. पण करंट गेन, म्हणजे लोडमधला करंट भागिले इनपुट करंट, मोजला तर ५०. मल्टीमीटर मात्र त्याच ट्रान्झिस्टरचा एचएफई, म्हणजे बीटाच, २९० दाखवतो. "काकू, बाकीचे २४० गेले कुठे? आणि बीसी ५४७ सी आणला तर गेन वाढेल का?"

प्रश्न फार चांगला आहे. प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं मुलांकडून हे सर्किट करून घेतलं, पण करंट गेन खरोखर मोजून बघणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. बाकीचे मीटरवरचा आकडा जर्नलमध्ये उतरवतात आणि पुढे जातात. तू मोजलास, आणि तुझं मोजमाप बरोबर आहे. काहीही हरवलेलं नाही. तू दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो आहेस, घोळ तेवढाच आहे. बीटा हा ट्रान्झिस्टरचा आहे, करंट गेन स्टेजचा आहे.

आधी पहिलं सर्किट बघू, कारण बीटा किती बेभरवशाचा असतो ते तिथे उघडं पडतं. १२ व्होल्टमधून बेस एमिटरचे ०.६५ गेले, उरलेले ११.३५ व्होल्ट १.२ मेगओहमवर, म्हणजे बेसमध्ये साधारण ९.५ मायक्रोअँपिअर. बीटा ११० असता तर कलेक्टरमध्ये १.०४ मिलिअँपिअर वाहिले असते, ५.६ के वर ५.८ व्होल्ट पडले असते आणि तुझे ६ व्होल्ट तुला मिळाले असते. पण तुझ्या हातातल्या नगाचा बीटा २९०. त्या हिशेबाने कलेक्टरला २.७ मिलिअँपिअर हवेत आणि ५.६ के वर १५ व्होल्ट पडायला हवेत. सप्लायच १२ चा आहे, मग १५ येणार कुठून? ट्रान्झिस्टर पूर्ण उघडून सॅच्युरेशनमध्ये बसला. ट्रान्झिस्टरमध्ये दोष नव्हता, ११० हा आकडा गृहीत धरण्यात होता.

डेटाशीट उघड. बीसी ५४७ चा एचएफई २ मिलिअँपिअरला ११० ते ८०० असा दिलेला असतो. त्यातले ए गटाचे ११० ते २२०, बी गटाचे २०० ते ४५०, सी गटाचे ४२० ते ८००. म्हणजे बी लिहिलेला नग घेतलास तरी दुपटीहून जास्त फरक कंपनीने आधीच सांगून ठेवलेला आहे. महाराणी रोडवरच्या दुकानातून एकाच पाकिटातले दहा नग आणलेस तर त्यांचे आकडे बरेच जवळजवळ येतील, कारण बहुतेक वेळा ते एकाच खेपेत बनलेले असतात. पुढच्या महिन्यात त्याच दुकानातून आणखी दहा आण, आकडे बदललेले दिसतील.

हा फरक का पडतो ते नीट समजून घे, नाहीतर ट्रान्झिस्टर म्हणजे लहरी वस्तू वाटायला लागेल. एमिटरमधून निघालेले इलेक्ट्रॉन बेसचा अतिशय पातळ थर ओलांडून कलेक्टरमध्ये जातात. बीटा १०० असेल तर दर हजारातले ९९० पोचतात, ३०० असेल तर जवळजवळ ९९७. त्या उरलेल्या दहाचा किंवा तिनाचा हिशेब बेस करंटला चुकवावा लागतो. थोडे बेसमध्येच होलशी (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांशी) जुळून संपतात, आणि आजच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये मोठा वाटा असतो तो बेसमधून उलट एमिटरमध्ये शिरणाऱ्या होलचा. आता एखाद्या घरात पगार दहा हजार आहे आणि महिनाअखेर शंभर रुपये शिल्लक पडतात असं समज. पुढच्या महिन्यात शिल्लक पन्नास झाली. खर्चात फरक अर्धा टक्का, पण खर्च भागिले शिल्लक हे गुणोत्तर दुप्पट झालं. बीटा हे तसलंच गुणोत्तर आहे: खूप मोठी संख्या भागिले अगदी थोडी उरलेली संख्या. बेसची जाडी किंवा डोपिंग (सिलिकॉनमध्ये मुद्दाम केलेली भेसळ) जरासं इकडचं तिकडे झालं की पोचणाऱ्यांचं प्रमाण ०.९९० चं ०.९९५ होतं आणि बीटा ९९ वरून १९९ वर जातो. कारखाना कितीही काटेकोर असला तरी हे होणारच.

त्यात तापमानाची भर. बीटा दर अंशाला साधारण अर्धा ते एक टक्का वाढतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात दुपारी बेचाळीसच्या वर. त्यातून वर्कशॉपचं छप्पर पत्र्याचं असेल तर विचारूच नकोस. तुझं पहिलं सर्किट हिवाळ्यात कसंबसं जमवलंस तरी उन्हाळ्यात ते पुन्हा हललेलं असेल.

आता दुसरं सर्किट. ४७ के आणि १० के मिळून बेसला २.१ व्होल्ट देतात आणि त्या डिव्हायडरचा आतला रोध दोघांच्या समांतर जोडणीइतका, म्हणजे ८.२५ के. बीटा ११० धरून कलेक्टर करंट काढ, १.३४ मिलिअँपिअर येतो. बीटा ८०० धर, १.४४ येतो. बीटा सातपट झाला आणि करंट जेमतेम सात टक्के हलला! हे काम एमिटरच्या १ के चं आहे. करंट वाढायला लागला की एमिटरचं व्होल्टेज वर चढतं, बेस आणि एमिटरमधलं अंतर कमी होतं आणि ट्रान्झिस्टर स्वतःच आवरला जातो. उन्हाळ्यात तीस अंशांचा फरक पडला तर बेस एमिटर व्होल्टेज अंशाला २ मिलिव्होल्ट या दराने ६० मिलिव्होल्टने उतरतं. एमिटरवर १.४५ व्होल्ट उभे असताना त्याचा परिणाम चारेक टक्के. एवढं खुशाल चालवून घ्यावं.

म्हणून तुझं बायस जागेवर बसलं. बीटाचं काम तिथे फक्त "पुरेसा" असण्याचं होतं.

आता तुझे २४० शोधू. १.४ मिलिअँपिअर करंटला एमिटरचा आतला रोध २६ मिलिव्होल्ट भागिले १.४ मिलिअँपिअर, म्हणजे १८.६ ओहम. बेसमध्ये बघितलं तर तो बीटापट दिसतो. बीटा ३०० धरला तर साधारण ५.६ के. सिग्नल जनरेटरकडून आलेला करंट बेसपाशी पोचतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात: एक बेसमध्ये ५.६ के ची आणि दुसरी बायसच्या रेझिस्टरमधून जमिनीला (ग्राउंडला) ८.२५ के ची. सिग्नलच्या दृष्टीने सप्लायची लाइनही जमीनच, हे विसरू नकोस. मुलांची पहिली चूक इथेच होते. वरचा ४७ के सप्लायला जोडलेला आहे म्हणून ते त्याला हिशेबातच धरत नाहीत. तर बेसच्या वाट्याला येतो ६० टक्के करंट, उरलेला ४० टक्के बायसचे रेझिस्टर पिऊन टाकतात.

जो बेसमध्ये शिरला त्याचे ३०० पट झाले. इथे ट्रान्झिस्टरने आपलं काम चोख केलं. पण कलेक्टरपाशी पुन्हा दोन वाटा: ३.९ के चा कलेक्टर रेझिस्टर आणि तुझा १० के लोड. करंट नेहमी सोप्या वाटेने जास्त जातो, म्हणून लोडच्या वाट्याला येतो ३.९ भागिले १३.९, म्हणजे फक्त २८ टक्के. आता गुण: ०.६० गुणिले ३०० गुणिले ०.२८. उत्तर ५०. ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्या आउटपुट रोधामुळे प्रत्यक्षात याहून चार-पाच टक्के कमी भरेल, तेव्हा ४७-४८ दिसले तरी गोंधळू नकोस.

हा पडताळा दुसऱ्या बाजूनेही होतो आणि तो मला जास्त आवडतो. तुझा व्होल्टेज गेन १५१. इनपुटचा एकूण रोध ५.६ के आणि ८.२५ के समांतर, म्हणजे ३.३ के. करंट गेन म्हणजे व्होल्टेज गेन गुणिले इनपुट रोध भागिले लोड: १५१ गुणिले ३.३ भागिले १०. पुन्हा ५०. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला पोचलास की हिशेबावर विश्वास बसतो.

आता लोड १० के ऐवजी १ के लाव. कलेक्टरच्या करंटमधला ८० टक्के भाग लोडमध्ये जाईल आणि करंट गेन १४० च्या वर जाईल. ट्रान्झिस्टर तोच, बीटा तोच. व्होल्टेज गेन मात्र १५१ वरून ४३ वर उतरेल. म्हणून "या अ‍ॅम्प्लिफायरचा करंट गेन किती" असं कुणी विचारलं तर आधी त्याला विचार, लोड किती? लोडशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

सी गटाचा नग आणावा का? समजा ६०० बीटाचा मिळाला. बेसचा रोध दुप्पट होऊन ११ के होईल. मग बेसमध्ये शिरणारा वाटा ६० टक्क्यांवरून ४३ वर येईल, कारण आता बायसची वाट त्याहून सोपी आहे. एकूण गेन ७२. बीटा दुप्पट, गेन दीडपटही नाही. बीटा कितीही वाढव, हे रेझिस्टर तुला १२४ च्या पुढे जाऊ देणार नाहीत. आणि व्होल्टेज गेन? तो जवळजवळ हलणारच नाही, कारण त्यात बीटा येतच नाही. तो कलेक्टरकडचा रोध भागिले १८.६ ओहम एवढाच आहे. जनरेटरचा स्वतःचा रोध मोठा असेल तर जास्त बीटाचा थोडा फायदा दिसेल, कारण इनपुट रोध वाढलेला असतो. त्यासाठी सी गट घ्यायला माझी ना नाही. "गेन वाढेल" म्हणून घेऊ नकोस.

मी तुझ्या जागी असते तर वेगळंच केलं असतं. एमिटरच्या १ के चे दोन तुकडे कर: वर १०० ओहम, खाली ९१० ओहम, आणि कपॅसिटर फक्त ९१० ला समांतर लाव. व्होल्टेज गेन १५१ वरून २४ ला येईल, करंट गेन १५-१६ ला. हात आखडता घेतल्यासारखं वाटेल, पण बघ काय मिळतं. तुझ्या आत्ताच्या सर्किटमध्ये २०० बीटाचा नग लावला तर करंट गेन ३९ येतो आणि ४५० चा लावला तर ६३. १०० ओहम मोकळा सोडल्यावर तेच आकडे १४.५ आणि १७ होतात. शिवाय आवाजातली विकृती उतरते. असा एक नग मेला आणि दुसरा लावला तर ऐकणाऱ्याला कळतही नाही. मला विचारशील तर अ‍ॅम्प्लिफायर यालाच म्हणायचं.

कमी करंटवर मोजलेल्या बीटावर विसंबलं की काय होतं ते आमच्या घरच्या वर्कशॉपमध्ये मी एकदा चांगलंच अनुभवलं. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसाठी, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीसाठी, एक मोठा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा होता. आउटपुटला प्रत्येक बाजूला एकेक २एन ३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर, चार ओहमचे स्पीकर, शिखराला सहा अँपिअरपर्यंत करंट. मीटरच्या एचएफई सॉकेटमध्ये त्या धातूच्या टोपीवाल्या ट्रान्झिस्टरचे पाय बसत नाहीत, म्हणून मी वायरी सोल्डर करून मोजले. आकडा आला ८० च्या आसपास. त्यावरून बेसला ७५ मिलिअँपिअर पुरतील असा हिशेब केला आणि त्यांना बेस करंट पुरवणाऱ्या मागच्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरचं बायस त्या बेताने ठेवलं. घरी भजनं लावली, आवाज काचेसारखा स्वच्छ. मिरवणुकीत ढोल सुरू झाला आणि प्रत्येक थापेला आवाज फाटायला लागला. नुसता गायकाचा आवाज असेल तर ठीक, थाप पडली की भर्र.

रात्री दोन वाजता परत येऊन डेटाशीट काढलं. २एन ३०५५ चा एचएफई ४ अँपिअरला २० ते ७०, आणि १० अँपिअरला किमान ५. मीटरने मला एका मिलिअँपिअरजवळचा बीटा सांगितला होता आणि मी तो सहा अँपिअरला वापरला. मोठ्या करंटला बेसमध्ये इतके इलेक्ट्रॉन दाटतात की मूळ डोपिंगचा वरचष्मा राहत नाही, आणि बीटा घसरत जातो. मला ७५ नव्हे, ३०० ते ४०० मिलिअँपिअर द्यायला हवे होते. ते ड्रायव्हरच्या बीडी १३९ मधून यायचे, त्याचाही एचएफई ५०० मिलिअँपिअरला किमान २५ एवढाच. म्हणजे त्याच्या मागच्या स्टेजला बारा ते सोळा मिलिअँपिअर हवेत, मी ठेवले होते दोन-तीन.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाजूला दोन २एन ३०५५ समांतर लावले, म्हणजे प्रत्येकाला शिखराला तीनच अँपिअर आणि बीटाही वरच्या पट्टीत. प्रत्येकाच्या एमिटरमध्ये ०.२२ ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर. तो नसेल तर ज्याचा बेस एमिटर व्होल्टेज जरा कमी तो जास्त करंट ओढतो, तापतो, तापल्यावर आणखी ओढतो, आणि शेजारचा आरामात बसून राहतो. हीटसिंकला हात लावला की एक बाजू चटका देते आणि दुसरी कोमट लागते, तेव्हा समजावं की वाटणी बिघडली आहे. तो अ‍ॅम्प्लिफायर पुढे बरीच वर्षं चालला.

म्हणून मीटरचा एचएफई आकडा घेताना तो कुठल्या परिस्थितीतला आहे ते लक्षात ठेव. आपल्याकडचा पिवळा स्वस्त मीटर बेसला साधारण १० मायक्रोअँपिअर देतो आणि कलेक्टरवर तीन व्होल्टच्या आत बाहेर. तुझ्या २९० बीटाच्या नगासाठी ते २.९ मिलिअँपिअर झाले, तुझ्या सर्किटच्या जवळपास, म्हणून तुला तो आकडा चालला. आणि मीटरने एकदम ५ किंवा ८ दाखवलं तर नग फेकू नकोस, बहुधा एमिटर आणि कलेक्टर उलटे घातले आहेत. उलटाही ट्रान्झिस्टर चालतो, फक्त बीटा अगदी थोडा उरतो.

डेटाशीटमध्ये एचएफई मधला एफई मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत असेल तर तो आकडा डीसीचा असतो आणि लहान अक्षरांत असेल तर सिग्नलचा. तुझ्या करंटला दोघांत फार अंतर नाही. मोठ्या करंटला, जिथे बीटा उतरणीला लागतो, तिथे सिग्नलचा आधी घसरतो.

आता मोजण्याबद्दल. पुन्हा मोजशील तेव्हा जनरेटर आणि इनपुट कपॅसिटर यांच्यामध्ये १० के चा रेझिस्टर घाल. १ किलोहर्ट्झवर मोज, कारण तुझा १०० मायक्रोफॅरड १८.६ ओहमपुढे ८५ हर्ट्झच्या खाली थकतो आणि कमी फ्रिक्वेन्सीला गेन पडलेला दिसतो. जनरेटर इतकाच वाढव की १० के च्या अलीकडे ८ मिलिव्होल्ट आणि पलीकडे २ मिलिव्होल्ट येतील. मधले ६ मिलिव्होल्ट भागिले १० के, म्हणजे ०.६ मायक्रोअँपिअर इनपुट करंट. आउटपुटला ०.३ व्होल्ट दिसतील, १० के लोडमध्ये ३० मायक्रोअँपिअर. तीस भागिले ०.६, पन्नास. हे सगळं स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) कर. पिवळ्या मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, त्यावर मिलिव्होल्ट शोधत बसू नकोस. आणि दोन्ही टोकं जमिनीच्या संदर्भात वेगवेगळी मोजून वजाबाकी कर. स्कोपची जमीन रेझिस्टरच्या एखाद्या टोकाला लावलीस तर सिग्नलच शॉर्ट होईल.

१०० आणि ९१० ओहमचे तुकडे टाकून पाकिटातले सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त बीटाचे दोन नग आळीपाळीने लाव. प्रत्येकाचं कलेक्टर व्होल्टेज, इनपुट करंट आणि लोडमधला करंट वहीत लिहून ठेव आणि आकडे मला पाठव. ६.४ ते ६.८ व्होल्टच्या दरम्यान कलेक्टर नसेल तर गेन मोजायच्या आधी डिव्हायडरचे रेझिस्टर पुन्हा तपास. ४७ के च्या जागी ४.७ के लागलेला मी खूपदा पाहिला आहे, नारिंगी आणि लाल पट्टा ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात.